प्रूफ बघायची खोली

"लाल जास्त वाटला तर पिशवी डाव्या खांद्याला," मी म्हटलं. "हिरवा जास्त वाटला तर उजव्या."

"आणि बरोबर असेल तर?"

"तर मांडीवर."

"परत एकदा सांग."

"अहो, सातारा मागं पडला तेव्हापासून हेच चाललंय. परीक्षेला बसल्यागत काय करताय?"

"परीक्षाच आहे," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वळवून आम्हा दोघांना न्याहाळलं. म्हातारा-म्हातारी पुण्यात कुठंतरी हात मारायला निघालेत, असं तिला वाटलं असणार. फार काही चुकीचं वाटलं नाही म्हणायचं तिला.

आता ह्या गोष्टीला नऊ-दहा वर्षं झाली. आम्ही चाललो होतो ह्यांच्या चित्रांची प्रूफं बघायला. कराडात नवं हॉस्पिटल बांधणाऱ्या एका डॉक्टरांना ह्यांची चित्रं आवडली होती. घाट, ऊसतोड, गुऱ्हाळ, मळ्यातली विहीर, अशी सहा. मूळ चित्रं भिंतीला लावून उपयोग नव्हता. तिथं रोज फिनेलचं पाणी फिरणार, शिवाय डॉक्टरांना ती मोठी हवी होती, पेशंटला खाटेवरून दिसतील एवढी. म्हणून चांगल्या स्टुडिओत, चांगल्या कागदावर प्रिंट काढायचे ठरले. तो स्टुडिओ निघाला सुचेता घोरपडेचा. सुचेता म्हणजे ह्यांची विद्यार्थिनी, पाचवीपासून दहावीपर्यंत ह्यांच्याच हाताखाली. नाव ऐकताच ती स्वतः गाडी घेऊन कराडला आली, चित्रं पोरांना गुंडाळावं तशी चादरीत गुंडाळून घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "सर, छापते मी. पण प्रूफ बघायला तुम्ही स्वतः यायचं. चित्रकारानं बघून सही केल्याशिवाय मी मशीन चालवत नाही."

ती गेली आणि ह्यांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही.

कारण असं, की कराडच्या एका हायस्कुलात उभा जन्म चित्रकला शिकवलेल्या कासार सरांना लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. तपकिरीची तर गोष्टच सोडा. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, ह्यांना आणि मला. सासऱ्यांना संशय होता, पण ते संशयासकट गेले. त्यांचं बांगड्यांचं दुकान. एका लग्नात नवरीच्या हिरव्या चुड्यात ह्यांनी मधेच लाल बांगड्या भरल्या, मांडवात कुजबुज झाली, आणि सासऱ्यांनी ह्यांच्या थोबाडीत देऊन सांगितलं, "ह्याचं कामात लक्ष नाही, ह्याला शाळेतच राहू दे." शाळेत ह्यांच्या हातातली पेन्सिल अशी चालायची, की मास्तरच उठून बघायला यायचे. पुढं चित्रकलेच्या कोर्सला रंगाचा पेपर आला तो ह्यांनी ट्यूबवरची नावं वाचून निभावला.

मला कळलं ते लग्नानंतर महिन्याभरात. हिरव्या मिरच्या आणायला सांगितल्या, तर निम्म्या पिकलेल्या लाल घेऊन आले, आणि वर म्हणाले, भाजीवाल्यानं फसवलं. दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावायला बसले आणि म्हटलं, "ती लाल रीळ द्या जरा." ह्यांनी हिरवी दिली. मी त्याच हिरव्या दोऱ्यानं पांढऱ्या शर्टाला बटण लावलं, आणि हे तो शर्ट घालून शाळेत जाऊन आले. आल्यावर मी नुसतं त्या बटणावर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"काही नाही. छान लागलंय."

हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मग खाली बसले. "कुणाला सांगू नकोस."

"मी कुणाला सांगू? माझ्या ओळखीचं इथं आहे तरी कोण?"

तेवढ्यावर विषय मिटला. त्यानंतर रविवारी हे चित्र काढायला बसले की मी बाजूला पाट टाकून बसायची. मांडीवर ताट, ताटात निवडायची भाजी नाहीतर तांदूळ. हे विचारायचे, "ते झाड कसलं दिसतंय?" मी म्हणायची, "कळकलेल्या पितळेसारखं." "म्हणजे पिवळ्यात काळा?" "काळा नको, मरेल ते. निळा घाला थेंबभर." "हे कुठं शिकलीस?" "आमटीत." मी शिकले नववीपर्यंत, आणि चित्रकलेत मला कायम काठावर मार्क असायचे. ब्रश मी आजतागायत हातात धरलेला नाही. धुतलेत मात्र पुष्कळ.

शाळेत पोरांपुढं कसं निभावलं, हे मला ह्यांनीच सांगितलं होतं. पोरगं वही घेऊन यायचं, सर, हा हिरवा बरोबर आहे का? हे वहीकडे न बघता म्हणायचे, "मला काय विचारतोस? तुला कसं दिसतं ते बघ. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, शेजाऱ्याच्या वहीत बघायचं नाही." अशानं सरांचा केवढा दबदबा. पालक सांगायचे, कासार सर पोराला स्वतःचं स्वतः बघायला शिकवतात.

बसमध्ये मी ह्यांना म्हटलं, "एवढं काय घाबरताय? आता नोकरीही नाही, कोण काढून टाकणार आहे?"

"नोकरी गेली असती तर ते एक वेळ परवडलं असतं," हे म्हणाले. "पोरांचं काय? मी ह्या पोरीला सहा वर्षं रंग शिकवलेत, शालन. तिचं पोट त्यावर चाललंय. तिला आज सांगू, की तुझ्या मास्तराला दिसतच नव्हतं?"

मी पिशवी डाव्या खांद्याला लावून दाखवली. "हे काय?"

"लाल जास्त."

"झालं तर मग."

स्टुडिओ एरंडवण्यात, एका शांत गल्लीत. बाहेरून दवाखान्यासारखा, आत गेल्यावर तर त्याहून जास्त. सगळ्या भिंती राखाडी. छत राखाडी, टेबल राखाडी. सुचेताही राखाडी कुर्त्यात. ती धावत आली, वाकून पाया पडली, आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण आलात! बरं झालं, सरांना सोबत."

"मी म्हणजे नुसती पिशवी धरायला," मी म्हटलं. ह्यांना ठसका लागला.

तिनं हौसेनं सगळं दाखवलं. कापसाचा जाड कागद, हात लावला तर साखरपुड्याच्या कापडासारखा लागला. पांढरे हातमोजे घालून कागद उचलायची तिची पद्धत. लांबलचक मशीन, त्यातून दुसऱ्या कुणाच्या चित्रातला एक घाट सावकाश बाहेर येत होता, देवाची पालखी बाहेर यावी तसा. मग आम्ही एका दारापाशी थांबलो. दाराला छोटी काच होती. बाजूला पाटी: "प्रूफ बघताना आत फक्त चित्रकार."

"हे काय गं?" मी विचारलं.

"ही प्रूफ बघायची खोली, काकू. आतला उजेड ठरावीक असतो, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. आणि आत मी घरच्यांना येऊ देत नाही. सुरवातीला येऊ द्यायची, पण काय व्हायचं, चित्रकार गप्प आणि घरचे बोलतायत. सासूबाई म्हणतात, आकाश अजून निळं करा. नवरा म्हणतो, आपल्या सोफ्याला जात नाही हे. एका बाईंचं बिचारीचं अख्खं चित्र त्यांच्या दिरानं गुलाबी करून नेलं." ती हसली, आणि मग ह्यांच्याकडे वळली. "तेव्हा सरांचंच आठवलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, शेजाऱ्याच्या वहीत बघायचं नाही. म्हटलं, हाच नियम करायचा. सर, ही पाटी तुमची आहे."

ह्यांनी पाटी वाचली. परत वाचली. माणूस स्वतःच्या नावाचं समन्स वाचतो तसं.

"छान आहे," हे म्हणाले.

सुचेतानं खुंटीवरचा राखाडी एप्रन काढून ह्यांच्या अंगात घातला. कपड्याचा रंग प्रूफावर पडू नये म्हणून असतो म्हणे तो. हे आत गेले. मी घाईघाईनं काचेसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून आतलं टेबल बऱ्यापैकी दिसत होतं. टेबलावर गुऱ्हाळाचं मूळ चित्र उभं होतं आणि त्याच्या शेजारी सुचेता एक प्रिंट मांडत होती. मी चष्मा पुसला, पिशवीचा बंद हातात धरला. एवढ्यात सुचेता दाराशी आली, काचेतून माझ्याकडे बघून गोड हसली, आणि काचेवरचा राखाडी पडदा खाली ओढला.

बाहेरचा उजेडही चालत नाही, हे तिनं सांगितलं नव्हतं.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. म्हणजे आमच्या भाषेत, सगळं बरोबर होतं.

आतलं काही ऐकू येत नव्हतं. मशीन घूं-घूं करत होतं आणि त्यातून घाटाच्या पायऱ्या एकेक करून उतरत होत्या. मी मनाशी हिशेब मांडायला लागले. ह्यांनी नुसतं "छान आहे" म्हटलं, तर ती सही घेईल आणि सोडेल. प्रिंट चांगले असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर कराडच्या पेशंटांना हिरवा गूळ बघत पडून राहावं लागेल, पण त्यानं कुणी मरत नाही. मग आठवलं, ती हुशार पोरगी. ती नुसत्या "छान"वर सोडणार नाही. ती विचारणार, सर, काय वाटतं? कुठं कमी करू?

पडद्याला एक बारीक फट होती. मी उठून फटीला डोळा लावला. एप्रनची पाठ दिसली, दुसरं काही नाही. खोकून बघितलं. लाल जास्तीला किती वेळा खोकायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मी परत येऊन बसले.

दार उघडलं तेव्हा मी एकदम उभी राहिले, पिशवी खाली पडली, आणि आतला डबा वाजला. दारात सुचेता होती. तिच्या हातात दुसरा राखाडी एप्रन होता.

"काकू, आत या."

"काय झालं? ह्यांना चक्कर आली का?"

"नाही. तुम्ही या."

"अगं, पण पाटी..."

"पाटी बरोबर आहे," ती म्हणाली. "चित्रकाराशिवाय आत कुणी नाही. एप्रन घाला."

मला काही उमजेना. मी एप्रनच्या बाह्या उलट्यासुलट्या घालून आत गेले. हे टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते, वर्गात पोरं गप्प बसायची वाट बघत उभे राहायचे तसे. टेबलावर मूळ गुऱ्हाळ होतं आणि शेजारी दोन प्रिंट.

"सांगितलं मी तिला," हे म्हणाले.

"काय सांगितलं?"

"सगळं."

मी सुचेताकडे बघितलं. ती बोलायला लागली. "मी सरांपुढं दोन प्रूफं ठेवली. एकात मुद्दाम थोडा लाल चढवलेला असतो. चित्रकार नीट बघतोय की नुसती मान डोलावतोय, ते कळायला मी सगळ्यांनाच तशी ठेवते. म्हटलं, सर, ह्यातलं मूळ चित्रासारखं कुठलं? सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, मला दोन्ही सारखीच दिसतायत. मला वाटलं, गंमत करतायत." तिनं एक प्रिंट उगीचच सरळ केला. "मग म्हणाले, कायम सारखीच दिसत आलीत. चित्रातले रंग बाहेर खुर्चीत बसलेत, त्यांना आत घे."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. नको वाटलं.

"अहो, कुठल्यातरी एकाकडे बोट दाखवायचं," मी हळूच म्हटलं. "निम्म्या वेळा बरोबर येतंच की."

"म्हणूनच नाही दाखवलं," हे म्हणाले. "चुकलो असतो तर ती म्हणाली असती, सर थकले. ते चाललं असतं. पण बरोबर आलं असतं तर म्हणाली असती, सरांची नजर अजून तशीच आहे. ते मला ऐकवलं नसतं."

सुचेता म्हणाली, "सर, मग वर्गात तुम्ही जे म्हणायचात, स्वतःच्या डोळ्यांनी बघा..."

"टाळायचो," हे म्हणाले. "वहीत बघितलं असतं तर पकडलो गेलो असतो."

सुचेताचं तोंड उघडं राहिलं. मग तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं असं मी धरून चालते. "मी ह्यावर भाषणं ठोकलीत, सर! दोन कॉलेजांत!"

"ठोक की. तुझ्या कामी आलं ना?"

"आलं," ती म्हणाली. "तेच तर."

मग ती वळली आणि मला म्हणाली, "काकू, बघा."

मी टेबलाशी गेले. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी बघतच राहिले, कारण त्या उजेडात आमचं गुऱ्हाळ मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात दोनच उजेड, खिडकीतला आणि ट्यूबचा. इथं काहिलीतला रस काठापासून आतपर्यंत कसा बदलत गेलाय, ते वेगवेगळं दिसत होतं. काठाला काकवी, मधे फेस, फेसाखाली नुकता वळायला लागलेला गूळ. हे सगळं मी कधी सांगितलं होतं? भाजी निवडता निवडताच सांगितलं असणार.

"हा नाही," मी डावीकडच्या प्रिंटवर बोट नेलं. हात लावू दिला नाही सुचेतानं. "ह्यातला गूळ लागलाय."

"लागलाय म्हणजे?"

"करपायला आलाय. चुलवाणाशी बसलेल्या गड्यानं जाळ मागं ओढायला उशीर केला."

"बरोबर, त्यात लाल चढवलाय. आणि हा दुसरा?"

दुसरा चांगला होता. मी चष्मा वर-खाली करून परत बघितलं. "चांगलाय. फक्त धूर... आमच्या चित्रात धूर ओल्या चिपाडाचा आहे. हा वाळल्या चिपाडाचा झाला."

"आमच्या," हे मागून म्हणाले, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"ओल्या चिपाडाचा कसा असतो, काकू?"

"धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखा. वाळल्याचा निळा मारतो."

सुचेता कॉम्प्युटरपाशी गेली, काहीतरी केलं, नवा तुकडा छापून आणला. तो जास्त झाला. परत गेली. हे एका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते आणि आम्हा दोघींना बघत होते. मधेच म्हणाले, "त्या खांबाच्या सावलीत पट्टे पडलेत, तेवढे बघ." सुचेतानं भिंग लावलं, पडले होते. तिनं "हो सर" म्हटलं, वर्गात म्हणायची तसंच.

घाट, ऊसतोड, विहीर, सगळी झाली. विहिरीच्या पाण्यावरून सुचेताचं आणि माझं चांगलंच वाजलं. ती म्हणे शेवाळी, मी म्हणे मेंदीचा पाला वाटल्यावर दुसऱ्या दिवशी होतो तो. शेवटी ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही फार छळता," आणि मी म्हटलं, "ह्यांना विचार." आम्ही तिघंही डबा खायला बाहेर बसलो, तेव्हा मशीनमधून तो दुसऱ्याचा घाट पुरता उतरून झाला होता.

सहीची वेळ आली. पास झालेल्या प्रूफाच्या खाली, पांढऱ्या कडेला, पेन्सिलनं सही करायची असते. ह्यांनी नेहमीची केली, बारीक, एका ओढीत. सुचेतानं पेन्सिल घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"मी कुठं चित्र काढलंय?"

"मी विचारलं का?" ती म्हणाली. "सही करा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते. राखाडी तर राखाडी, पण बघत होते. मग मी बँकेत करते तशी सही केली. दुसरी मला येत नाही. सौ. शालन दिनानाथ कासार, सगळी अक्षरं सुटी सुटी. ह्यांच्या सहीच्या तिप्पट जागा लागली. पुढच्या पाचांवर मी जरा आखडून लिहिलं.

निघताना सुचेता परत पाया पडली, आधी ह्यांच्या, मग माझ्या. रिक्षापर्यंत आली. रिक्षा वळेपर्यंत उभी होती.

परतीच्या बसमध्ये खिडकी ह्यांनी मला दिली. कात्रज मागं पडलं, खेड शिवापूर गेलं, तरी बोलले नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. माझा लागणार एवढ्यात म्हणाले, "शालन."

"काय?"

"मी सांगितलं ना तिला, तेव्हा ती पाठ फिरवून कागदच नीट करत बसली. बराच वेळ. मग तुला बोलवायला गेली. तिला काय वाटलं, ते मला तोंडावरून कळलं नाही."

"मग?"

"तू दारात बघितलंस ना तिला. कशी दिसत होती?"

मी दारातली सुचेता आठवली. हातात एप्रन, आणि तोंडावर तो बाहेरचा साधा उजेड.

"डोळे लाल होते."

"लाल?"

"आमसुलाच्या पहिल्या पाण्यासारखे. पापण्यांच्या कडा, नाकाचा शेंडा, सगळं."

समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड ह्यांच्या तोंडावरून येत-जात राहिला.

"म्हणजे रडली होती?"

"ते मला काय माहीत," मी म्हटलं. "तुम्ही रंग विचारलात, मी रंग सांगितला."